ग्रहणातला चहा

आमच्या पारोळ्यात वैशाखात असं ऊन पडतं की अंगावरची कातडीसुद्धा काढून खुंटीला टांगावीशी वाटते. संध्याकाळी गल्लीतले आम्ही सगळे बाप्ये उघडेबंब होऊन आपापल्या ओट्यावर वारा शोधत बसायचो. एकटा तोताराम तेवढा गळ्यापर्यंत बटणं लावून, पुऱ्या बाह्यांचा सदरा घालून असायचा. शेतातून आला की सदऱ्यासकट मोरीत शिरायचा आणि सदऱ्यासकटच बाहेर यायचा. मी एकदा विचारलंही, "तोताराम, आत सोनं बांधेल शे का रे भो?" तो हसला नाही. चेष्टेला न हसणारा माणूस काहीतरी झाकत असतो, असं माझं जुनं मत आहे.

पण ही गोष्ट तोतारामची नाही. त्याच्या बायकोची, पुष्पाबाईची आहे. तोतारामचा सदरा मधे मधे येईल, त्याला माझा इलाज नाही.

लग्न एकोणऐंशी सालचं. मुलगी एरंडोलकडची. तोतारामच्या हळदीला बायका वाट्या घेऊन पुढे सरसावल्या, तेव्हा त्याच्या आईनं, यशोदाबाईनं, पाटाशी उभं राहून पहारा दिला. हळद हाताला, पायाला आणि तोंडाला. सदरा काढायचा नाही.

"वं माय," शेजारची लताबाई म्हणाली, "नवरदेव शे का नवरी?"

"आमनामा अशीच रीत शे," यशोदाबाई म्हणाली.

लताबाईचं घर यांच्या भिंतीला भिंत लावून. या घरातल्या साऱ्या रीती तिला यशोदाबाईपेक्षा जास्त पाठ होत्या, ही तेवढी नव्हती. पण लग्नघरात वाद कोण घालतो? जेवणं झाली आणि रीत विसरली.

पुष्पाबाई आली ती उंच, किडकिडीत आणि मोठ्यानं हसणारी. सासुरवाशिणीनं किती मोठ्यानं हसावं याचं आमच्या गल्लीत एक माप होतं, ते तिनं पहिल्याच आठवड्यात मोडलं. हाताला मात्र कामाचं भारी वळण. खापरावरच्या पुरणपोळ्या करायची तेव्हा पोळी दोन्ही हातांवर अशी फिरवायची की बघणाऱ्याला वाटावं, आता निसटली, आता पडली. एकदाही पडली नाही. लग्नाकार्यात लोक तिला लांबून न्यायला यायचे.

तिचा एकच शौक, चहा. तिच्या माहेरी म्हणे चुलीवरून चहाचं पातेलं उतरतच नसे. इथं यशोदाबाईच्या राज्यात चहा सकाळी एकदा आणि पाहुणा आला तर. पुष्पाबाई मग पाहुण्यांची वाट बघायची. मी सहज निरोप सांगायला गेलो तरी म्हणायची, "बसा ना आबा, चहा करते." मला ठाऊक होतं चहा कोणासाठी आहे ते. तरी बसायचो. माझ्या निमित्तानं एका जिवाचं भलं होत असेल तर का नाही बसायचं?

ऐंशी साली फेब्रुवारीत सूर्यग्रहण आलं. तसं ग्रहण आम्ही कोणी पाहिलेलं नव्हतं आणि त्या दिवशीही कोणी पाहिलं नाही, कारण सारं गाव दारं-खिडक्या लावून घरात बसलं होतं. दुपारची वेळ, आणि रस्त्यावर कुत्रं नाही. गरोदर बायकांचे तर हाल. चिरायचं नाही, दुमडायचं नाही, खायचं नाही, प्यायचं नाही, कुशीवर वळायचंसुद्धा नाही. मूल डागाळतं. पुष्पाबाईला तेव्हा पाचवा महिना.

त्या भयाण शांततेत यशोदाबाईच्या घरातून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. आधी खसखस, मग भर्र.

तो लताबाईनं ऐकला. भिंतीला भिंत असल्यावर दुसरं काय होणार!

जूनमध्ये मुलगी झाली, कोकिळा. आम्ही कोकी म्हणायचो. वर्षाची व्हायच्या आत तिच्या अंगावर डाग उठले. काळे नाहीत, लाल नाहीत, अगदी दुधाच्या चहाच्या रंगाचे. पोटावर एक तळहाताएवढा, पाठीवर दोन-तीन, मांडीवर लहान लहान. कोणीतरी बशीतून शिंपडल्यासारखे.

"माय वं," लताबाईनं नळावर घागर टेकवली आणि तोंड उघडलं, "त्या दिन स्टोव्हना आवाज उना ना मना कानवर! मी तवाच म्हनलं, हाई बाई चहा कराले बसनी."

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, दुसऱ्या दिवशी बाजारपेठेला. यशोदाबाई त्या दिवशी आतल्या खोलीत जप करत होती, तिनं काही ऐकलं नव्हतं. तिनं सुनेला विचारलं. आणि पुष्पाबाई ही अशी बावळट की खरं बोलली. हो म्हणाली. मळमळत होतं, डोकं फुटत होतं, म्हणून घोटभर केला आणि प्याला.

पुढे पुष्कळ दिवसांनी आमच्या घरच्या मंडळींना तिनं उरलेली गोष्ट सांगितली. पंप तिनं मारला नव्हता. तोतारामनं मारला होता. "कर घोटभर, कोनले समजनार शे," असंही त्यानंच म्हटलं होतं, आणि अर्धा कप स्वतः प्याला होता. आईनं विचारलं तेव्हा तो शेजारीच उभा होता. सदऱ्याची बटणं चाचपत.

त्या दिवसापासून पुष्पाबाईनं चहा सोडला. कोणी शपथ घातली नाही. तिचं तिनंच ठरवलं, की हिचे डाग जाईपर्यंत नाही. मी गेलो तर माझ्यापुरता करायची आणि मी पिईपर्यंत दारात उभी राहायची, कपाकडे न बघता. मग मीच जाणं कमी केलं. कोणी असं न बघता उभं असताना चहा घशाखाली उतरत नाही.

डाग गेले नाहीत. कोकीसारखे वाढले.

आता कोकीबद्दल सांगायचं म्हणजे पंचाईत आहे, कारण ती एका जागी सापडत नाही. चालायला लागली तशी पळालीच. चार वर्षांची असताना बाजाराच्या दिवशी हरवली आणि किल्ल्याच्या खंदकाशी बकऱ्यांमागे धावताना सापडली. पाच वर्षांची असताना दावणीचा बैल सोडला. का सोडला? तर त्याला माशा चावत होत्या. तोंड तर विचारूच नका. मोठी माणसं बोलत असली की मधेच घुसायची आणि त्यांनी पोटात ठेवलेलं नेमकं ओठावर आणायची. माझ्याच ओट्यावर येऊन मला म्हणाली, "आबा, तुम्ही लताबाईले नावं ठेवतस ना, ती आते तुमना मांगेच उभी शे." होतीच.

मला ती आवडायची. पण मी तिला दिवसातून घटकाभर बघायचो, पुष्पाबाई उठल्यापासून निजेपर्यंत. ताट वाढलं की दोन घासांत उठली. वेणी घालायला बसवली की अर्धी वेणी घेऊन पळाली. पाणी आणायला पाठवली की कळशी नळावर आणि पोरगी भलतीकडेच. वाईट खोड्या नव्हत्या तिच्या. काम सांगितलं की मनापासून निघायची, वाटेत दुसरं काही दिसलं की पहिलं पुसून जायचं. मार खाल्ला की रडायची, आणि पाठ वळली की तेच करायची. यशोदाबाई लाटण्यानं मारायची, तोताराम हातानं. पुष्पाबाई मारायची नाही. ज्या गुन्ह्याची मूळ आरोपी आपणच, त्यात दुसऱ्याला कसं मारायचं, असं तिच्या मनात असावं.

शाळेतल्या बाई सज्जन होत्या. त्या म्हणाल्या, "पुष्पाबाई, तुमची कोकिळा हुशार आहे हो. पण ती अर्धा तास बाकावर बसली तर मी सगळ्या वर्गाला पेढे वाटीन." पेढे कधी वाटले गेले नाहीत. दुसरीत ती दोनदा बसली. अक्षरं ओळखायची, पण ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत नजर खिडकीबाहेर गेलेली असायची. पोरं तिला 'चहाची कोकी' म्हणायची. ती उलट विचारायची, "साखर कितली टाकू?" आणि पोरं हसली की आपणही हसायची.

पाठचं मूल राहिलं नाही. दोनदा दिवस गेले, दोन्हीदा वाया गेले. यशोदाबाईनं हिशेब लावून टाकला. "हिनी कूसलेच गिऱ्हान लागेल शे." आणि तिचा भाऊ रुपचंद, जो आजूबाजूच्या गावांत सोयरिकी जुळवत हिंडायचा, त्याचं येणं एकाएकी वाढलं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या संक्रांतीच्या आधी कापूस जळण्याचं प्रकरण झालं. तेव्हा कापूस वेचून आणला की विकेपर्यंत घरातच भरायचा. माजघराशेजारची एक खोली छतापर्यंत पांढरी. पोरांना त्यात उड्या मारायला बंदी, म्हणून पोरं त्यातच. कोकी एकदा पेटती चिमणी घेऊन आत गेली. मांजराची पिल्लं बघायला. चिमणी खाली ठेवली, पिल्लं दिसली, आणि चिमणी तिथं आहे हे ती विसरली.

आम्ही सगळे धावलो. खोलीला एकच दार होतं म्हणून घर वाचलं. भिजलेला, करपलेला कापूस आम्ही रस्त्यावर ओढून काढला. कोकीचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता, आणि उजव्या हातात पिल्लू होतं. पिल्लाला काही झालं नव्हतं.

यशोदाबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "बस व्हयनं. पोरगीले लिसन मायघर जाय. मना तोतारामनं मी दुसरं लगीन करस."

गल्ली ऐकत होती. तोतारामही ऐकत होता. तो करपलेला कापूस फावड्यानं सरकवत राहिला.

एवढं बोलून झाल्यावरही हात तर दाखवायलाच हवा होता. पारोळ्याच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले. तिथं एक तरुण डॉक्टर होते, मुंबईत शिकून आलेले. पट्टी सोडताना त्यांचं लक्ष हातावरून दंडावर गेलं, दंडावरून काखेत. काखेत बारीक तिळांचा सडा पडलेला. त्यांनी फ्रॉक वर करून पाठ पाहिली, पोट पाहिलं. तेवढ्या वेळात कोकीनं टेबलाचा खण उघडला, नर्सला तिचं नाव आणि गाव विचारलं, आणि डॉक्टरांच्या गळ्यातली नळी स्वतःच्या कानाला लावून पाहिली.

"ही नेहमी अशीच असते?" डॉक्टरांनी विचारलं.

पुष्पाबाईला वाटलं, आता इथंही बोलणी बसणार. तिनं मान खाली घातली.

"बाई, हे डाग आणि हा चंचलपणा एकाच घरचे आहेत," डॉक्टर म्हणाले. "रक्तातून येतं हे. अशा पुष्कळ मुलांचं चित्त ठरत नाही. तिला मुद्दाम त्रास द्यायचा नसतो. तुम्हाला आठवडे बाजाराच्या मधोमध उभं करून कोणी गणित घातलं, तर सुटेल? हिच्यासाठी रोजच बाजार असतो."

पुष्पाबाईनं विचारलं, "ग्रहणात चहा प्याला तर असं होतं का?"

डॉक्टर हसले नाहीत. ही एक गोष्ट तिनं पुढे आयुष्यभर सांगितली, की डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "चहानं झोप उडते. बाकी काही होत नाही." आणि मग, "कधी कधी हे नव्यानंच उद्भवतं. पण बऱ्याचदा आईकडून नाही तर बापाकडून येतं. तुमच्या दोघांत कोणाच्या अंगावर असे डाग आहेत? बारीक, मऊ गाठी?"

तोताराम बाहेर व्हरांड्यात बाकावर बसला होता, बटणं लावून. दारातून त्याची पाठ दिसत होती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी यशोदाबाईनं पुष्पाबाईला देवापुढे बसवून, कुंकवावर हात ठेवायला लावून वचन घेतलं होतं, की नवऱ्याचं अंग चारचौघांत बोलायचं नाही. त्याच्या पाठीवर आणि पोटावर हरभऱ्याएवढ्या, वाटाण्याएवढ्या गाठी आहेत, चहाच्या रंगाचे डाग आहेत, हे त्या घरातल्या माणसांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. चरबीच्या गाठी आहेत, असं तिला सांगितलं होतं. आणि ती तरी काय जोडणार? आपल्या हातून पाप घडलंय हे एकदा पक्कं झाल्यावर माणूस दुसरीकडे शोधतच नाही.

"नाही," ती म्हणाली. "कोणाला नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पोरीला कसं वागवायचं ते सांगितलं. पुढच्या बाकावर बसवा. एका वेळी एकच काम सांगा, तेही छोटं. मधे मधे पळू द्या. दर वर्षी डोळे तपासून घ्या. चंचलपणावर गोळ्या निघाल्यात, पण त्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत. पाठीच्या कण्याचा एक फोटो काढला आणि ती काळी फिल्म तिच्या हातात दिली. जाता जाता म्हणाले, आम्ही या डागांना दूध घातलेल्या कॉफीचं नाव दिलंय. हे तिनं घरी सांगायला नको होतं. लताबाईनं दुसऱ्या दिवशी नळावर जाहीर केलं, "दखा, डॉक्टर बी तेच म्हनना. चहा नही ते कॉफी."

परतीच्या एसटीत तिघं एका बाकावर. खिडकीशी तोताराम, मधे कोकी, कडेला पुष्पाबाई. कोकी एका हातानं खिडकीची काच वरखाली करत होती, पायांनी पुढच्या बाकाला लाथा मारत होती, मोठमोठ्यानं पाट्या वाचायचा प्रयत्न करत होती. तिचं लक्ष कुठं असतंय, असं मनात म्हणून पुष्पाबाईनं नवऱ्याला हळू आवाजात सगळं सांगितलं. डाग, गाठी, रक्त. बापाकडून.

तोताराम खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "हाई घरमा बोलानं नही. कोनलेच नही."

"मंग मी इतला वरीस चहा काय म्हनीसन सोडा?" पुष्पाबाई म्हणाली.

कोकीनं खिडकीतून हात बाहेर काढला म्हणून त्यानं तिला एक चापट दिली.

पंधरवडाभरात रुपचंदनं पाहुणा आणलाच. अमळनेरकडचे धनसिंग. त्यांची मुलगी लग्नाची वाट बघून थकली होती, त्यामुळे पहिली बायको असली तरी त्यांची ना नव्हती. मात्र एक अट. आमच्या लोकांत असा दुसरा संबंध ठरायचा तर पहिलीनं आपल्या हातानं पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यायचा. तिनं दिला, म्हणजे तिची हरकत नाही असं धरायचं. कायद्यात हे बसत नाही, ते मलाही ठाऊक आहे. पण त्या ओसरीवर कायद्याला कोणी बोलावलं नव्हतं. मला बोलावलं होतं, शेजारचा वडील माणूस म्हणून. आणि मी गेलो होतो. असल्या ठिकाणी मी न जाणं शक्य नव्हतं.

कोकी मधे नको म्हणून यशोदाबाईनं तिला लताबाईच्या ताब्यात दिलं होतं. कोकीला ताब्यात ठेवणं लताबाईला जमतंय का, हे मला मनातून बघायचंच होतं.

धनसिंग सतरंजीवर, त्यांच्या शेजारी रुपचंद, समोर तोताराम. यशोदाबाई दाराला टेकून. रुपचंद बोलत होता, कारण बोलणं हेच त्याचं काम. "भाऊ, बाकी घरात काही म्हणजे काही नाही. ही सून जरा अडाणी निघाली. ग्रहण पाळलं नाही. पोरगी डागाळली, वर डोक्यानं अशी भिरभिरी. कूस बिघडली हो! तोतारामची काही चूक नाही."

"चहा पिधा गिऱ्हानमा," यशोदाबाईनं भर घातली.

पुष्पाबाई तांब्या घेऊन आतल्या दारात आली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. मी तिचे हात बघत होतो. ज्या हातांवरून कधी पोळी निसटली नाही, त्यांनी तांब्या दोन्हीकडून आवळून धरला होता. तिनं एकदा तोतारामकडे पाहिलं. एक शब्द. एवढंच तिला हवं होतं, हे मला आज कळतं. 'थांब' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

तोताराम सतरंजीचा दोरा उपटत होता.

ती धनसिंगांपुढे वाकली. त्यांनी हात पुढे केला. आणि तेवढ्यात ओट्यावरून पायांचे धपधप आवाज आले, मागून लताबाईची हाक, "अय कोकी! अय! धरा वं तिले!" आणि कोकी, डाव्या हाताला मळकी पट्टी, पाहुण्यांच्या पानाच्या तबकात पाय टाकून, सरळ बापाच्या पाठीमागे. काय होतंय ते कळायच्या आत तिनं सदरा आणि बनियन दोन्ही एकदम खांद्यापर्यंत वर ओढले.

"बापू, तुले बी शेतस ना! मन्हासारखा! डॉक्टर म्हनना ना, माय?"

ओसरीवरच्या उजेडात ती पाठ सगळ्यांनी पाहिली. डाग तेच, बशीतून शिंपडल्यासारखे. आणि त्यांच्यावर, त्यांच्यामधे, मानेपासून कमरेपर्यंत लहानमोठ्या गाठी. मी त्या पाठीची वर्षानुवर्षं चेष्टा केली होती, आता माझ्याच्यानं बघवेना.

तोतारामनं सदरा खाली ओढला, पण कोकी तोवर पुढच्या गोष्टीवर गेली होती. तिच्या डोक्यात एक सरळ हिशेब होता, गल्लीनंच शिकवलेला. आईनं ग्रहणात चहा प्याला की लेकराला डाग पडतात. तिनं यशोदाबाईकडे वळून, अगदी खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं,

"मोठी माय, तू बी गिऱ्हानमा चहा पिधा व्हता का?"

कोणी हसलं नाही. माझ्यासारखा माणूससुद्धा हसला नाही. दारात धापा टाकत आलेल्या लताबाईनं पदर तोंडाला लावला. यशोदाबाईचा हात दाराच्या चौकटीवर होता, तो तिथंच राहिला.

पुष्पाबाईनं तांब्या खाली जमिनीवर ठेवला. धनसिंगांच्या हातात नाही. जमिनीवर.

धनसिंग उठले. रुपचंद म्हणाला, "अहो भाऊ, चहा तरी..." धनसिंगांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्या घरात चहाचं नाव पुन्हा काढायची त्याची हिंमत झाली नाही. ओट्यावरून उतरताना ते मला म्हणाले, "आबा, तुम्ही शेजारी. तुम्हाला माहीत नव्हतं?" मी म्हटलं, "मला फक्त सदरा माहीत होता."

दुसऱ्या लग्नाचं पुन्हा कोणी बोललं नाही. पुष्पाबाईचं बोचकं, जे तिनं आधीच बांधून ठेवलं होतं, ते सुटलं. हे सगळं चांगलंच झालं, आणि तरी त्या घरात पुढचे कित्येक दिवस कोणी मेल्यासारखं होतं. तोताराम त्याच दिवशी शेतातल्या खोपीत राहायला गेला तो होळीला परतला. आणि गल्ली? गल्लीनं तोंडं फिरवायला वेळ लावला नाही. काल पुष्पाबाईची कूस, आज तोतारामची पाठ. लताबाई तर म्हणायला लागली, मला त्या हळदीच्या दिवशीच संशय आला होता. पोरांनी तोतारामला एक नाव ठेवलं, ते मी लिहीत नाही. कोकीला त्या पोरांशी मारामारी करताना मी पाहिलं. बापाची पाठ तिनंच उघडी केली आणि तिच्यावरून दगडही तिनंच खाल्ले.

पाहुणा गेला त्याच संध्याकाळी यशोदाबाईनं सुनेपुढे कप आणून ठेवला होता. स्वतः केलेला. आणि म्हणाली होती, "तुना सासराले बी व्हत्यात. पाठभर." बाकी काही नाही. माफी वगैरे आमच्या पिढीच्या सासवांना येत नव्हती.

पुष्पाबाईनं कप सरकवला. "माले आते चालत नही," म्हणाली. कोकीनं तो बशीत ओतून घेतला आणि अर्धा फ्रॉकवर सांडला.

पुढची वर्षं मी लांबण लावून सांगत नाही. पुष्पाबाई स्वतः शाळेत जाऊन बाईंशी बोलली, कोकी पुढच्या बाकावर आली, खडू-डस्टर आणायच्या कामावर तिची नेमणूक झाली. घरात तिला एका वेळी एकच काम. एक गोवरी आण. आणलीस? आता दुसरी आण. आम्ही म्हणायचो, पुष्पाबाई, यापेक्षा तुम्हीच आणली असती तर लवकर झालं असतं. ती म्हणायची, "हो ना आबा," आणि तिसरी आणायला सांगायची. कोकी रखडत रखडत सातवी झाली. भिरभिरी गेली नाही, नुसती तिच्याबरोबर मोठी झाली. रात्री थकलेली पुष्पाबाई कशी दिसायची ते आमच्या घरची मंडळी सांगायची, माझ्याच्यानं ते ऐकवत नसे.

पंचाण्णव साली ऐन दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा सूर्यग्रहण लागलं. कोकी तेव्हा पंधरा वर्षांची. नवरात्रात वेणी घालताना पुष्पाबाईच्या बोटांना तिच्या मानेवर पहिली गाठ लागली होती. मऊ, ज्वारीच्या दाण्याएवढी. ती कोणाला सांगितली नाही, पण लताबाईनं पाहिली. आणि नळावर पुन्हा जुनं दळण सुरू झालं होतं. काही म्हना, बीज बापनं असो, पन चहा पिधाच व्हता ना?

ग्रहण लागलं. गल्लीची दारं लागली. रस्त्यावर तीच ती शांतता आणि तो आजारी पिवळा उजेड. मी खिडकीची फट धरून बसलो होतो, ग्रहण बघायला नाही, गल्ली बघायला.

पुष्पाबाईचं दार उघडं होतं. तिनं स्टोव्ह बाहेर आणला. ओट्यावर, सगळ्यांसमोर. आणि पंप मारायला सुरुवात केली. खसखस, खसखस, मग भर्र. त्या शांततेत तो आवाज पार बाजारपेठेपर्यंत गेला असेल. एकेक खिडकी बोटभर उघडत गेली. लताबाईची सगळ्यात आधी.

कोकी रस्त्याच्या मधोमध उभी होती, धुळ्याहून आणलेली स्वतःच्या पाठीच्या कण्याची ती काळी फिल्म डोळ्यांपुढे धरून सूर्य बघत. एरवी क्षणभर न थांबणारी पोरगी, त्या दिवशी बराच वेळ हलली नाही.

पुष्पाबाईनं चहा गाळला. एक कप ओट्याच्या कडेवर लेकीसाठी ठेवला. दुसरा हातात घेऊन उंबऱ्यापाशी गेली. आत अंधारात तोताराम बसला असणार. तसा तो अजूनही सदऱ्यात असायचा. तिनं कप उंबऱ्याच्या आत ठेवला आणि परत येऊन ओट्यावर बसली. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी तिला चहा पिताना पाहिलं. पहिल्या घोटाला तिनं तोंड वाकडं केलं. सवय गेली होती, बहुतेक गोड फार झाला असावा. पण तिनं कप ठेवला नाही. लताबाईच्या खिडकीकडे तोंड करून, न हसता, सगळा संपवला.

थोड्या वेळानं दारातून एक पुऱ्या बाहीचा हात बाहेर आला. मनगटाचं बटण लावलेलं. कप उंबऱ्याच्या बाहेर ठेवला आणि हात आत गेला.

कप रिकामा होता. एवढं मला खिडकीतून दिसलं.